दुर्बिणीची लाकडी तिवई

संस्थेच्या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहून द्यावे असा निरोप आला, तेव्हा कशावर लिहावे याबद्दल आमच्यात वाद झाला नाही. २००५ साली दहावी झालेले आम्ही नऊ जण आज निरनिराळ्या गावी आहोत. कोणी शिक्षक आहे, कोणी रुग्णालयात परिचारक आहे, कोणी वीजतंत्री झाला, एक जण घरची कोरडवाहू शेती करतो. परंतु एकत्र जमलो की आमचे बोलणे फिरून फिरून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या लाकडी तिवईवर येते. नव्या विद्यार्थ्यांना ती जुन्या सामानातील एक वस्तू वाटत असेल. तिची हकिगत कागदावर यावी एवढ्यासाठी हा लेख. त्यात आमच्या हुशारीपेक्षा आमची चूकच मोठी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

२००३ च्या दिवाळीनंतर शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने, आम्ही ज्यांना दादा म्हणत असू त्यांनी, परदेशातून येताना शाळेसाठी एक प्रवासी दुर्बीण आणली. खांद्याच्या पिशवीत मावेल एवढी ती होती. वस्तुभिंग ८० मिलिमीटरचे, नाभीय अंतर ४०० मिलिमीटर, सोबत २० आणि १० मिलिमीटरच्या दोन नेत्रिका आणि वर्धन दुप्पट करणारे एक भिंग. म्हणजे २० पटीपासून ८० पटीपर्यंत मोठे करून पाहण्याची सोय. पिशवीच्या दुसऱ्या कप्प्यात छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याला असते तशी घडीची ॲल्युमिनियमची तिवई होती. बोटाएवढे तिचे पाय एकातून एक बाहेर निघत आणि त्यांवर प्लास्टिकची एक मान होती. दुर्बीण पाहून आम्हांला झालेला आनंद एवढा मोठा होता की, त्या तिवईकडे कोणी लक्षच दिले नाही.

जानेवारी २००४ च्या स्नेहसंमेलनाला पालक मुक्कामी येणार होते. त्या दिवसांत शनी मिथुन राशीत होता, संध्याकाळीच पूर्वेला दिसे, आणि त्याचे कडे आपल्याकडे चांगले कलून पुरते उघडलेले होते. विज्ञानाच्या सरांनी आम्हां नऊ जणांवर दुर्बिणीची जबाबदारी सोपवली. जेवणे झाल्यावर मैदानात रांग लागली. कापसाच्या वेचणीतून एक दिवस मोकळा करून आलेल्या आया, धोतराचा सोगा सावरणारे आजोबा, कडेवरची लहानगी. एकेक जण पुढे येई, डोळा लावी, "दिसलं" म्हणे आणि बाजूला होई. आम्ही एका वहीत नावे लिहीत होतो. रात्री दहाला वही मिटली तेव्हा तीत ७३ नावे होती. वरती ठळक अक्षरांत आम्ही लिहिले : '७३ जणांनी शनी पाहिला'. दुसऱ्या दिवशी परिपाठात ते वाचून दाखवले, टाळ्याही मिळाल्या.

त्यानंतर आठवडाभराने रात्री दिवे मालवल्यावर आमच्यापैकी एकाने अंथरुणात पडल्या पडल्या सांगितले, "माझ्या आईले काहीच दिसलं नव्हतं." एस.टी.च्या थांब्यापर्यंत तो तिला पोचवायला गेला होता, तेव्हा वाटेत तिने हे सांगितले होते. त्या मावशींचे शब्द त्याने आम्हांला जसेच्या तसे ऐकवले : "सारं थरथरत होतं रे. एक उजेड इकडून तिकडे पळे. पण तुम्ही पोरांनी एवढी मेहनत केली, मागं माणसं उभी. नाही दिसलं असं कसं म्हणू?" आठ दिवस हे मनात ठेवून तो आमच्यासोबत टाळ्या घेत हिंडला होता. त्या रात्री आमच्यापैकी कोणालाच लवकर झोप लागली नाही.

सकाळी आम्ही स्वयंपाकघरातील काकूंना विचारले, रखवालदार बाबांना विचारले, लहान वर्गांतील मुलांना विचारले. "खरं सांगा" म्हटल्यावर बहुतेकांनी मान खाली घालून तेच सांगितले. काकूंना एक पांढरी रेघ दिसली होती. बाबांना काळोख दिसला होता. दुर्बिणीत असेच दिसत असावे असे समजून ते पुढे सरकले होते. आम्हांला मात्र शनी दिसत असे. कारण आम्ही रोज रात्री तासन्‌तास डोळा लावून बसत होतो. नळी हलली की श्वास धरून ती थांबण्याची वाट पाहायची, तेवढ्यात कडे टिपून घ्यायचे, ही सवय आम्हांला झाली होती. पहिल्यांदाच डोळा लावणाऱ्या माणसाला ही सवय कोठून असणार? शिवाय मागे रांग उभी असल्याने त्याला थांबण्याचा धीरही नसतो.

आम्ही सारे सरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. त्यांनी वही मागून घेतली, ७३ च्या त्या ओळीवर स्वतः तिरपी रेघ मारली आणि म्हणाले, "रोज सकाळी वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. त्याचा अर्थ ये आणि पाहा. तुम्ही लोकांना 'या' म्हणालात, पण पाहण्याची सोय केली नाहीत." मग त्यांनी वहीच्या नव्या पानावर दोन रकाने आखले. पहिल्यात नाव आणि दुसऱ्यात 'काय दिसले?' हा प्रश्न. "पुढच्या वेळी दुसरा रकाना भरल्याशिवाय पहिला मोजायचा नाही," असे त्यांनी बजावले.

दोष कशात आहे हे शोधणे कठीण नव्हते. दुर्बीण चांगली होती, हलत होती ती तिवई. फळ्यावर गणित मांडले तेव्हा मात्र आम्ही चकित झालो. दुर्बीण जेवढे दृश्य मोठे करते, तेवढीच थरथरही मोठी करते. साधारण ४० सेंटिमीटर लांबीच्या नळीचे एक टोक केसाच्या जाडीइतके हलले, तरी तिची दिशा जवळजवळ एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, बदलते. ८० पट वर्धनाला तीच एक कला ८० कलांएवढी दिसते. चंद्राचे बिंब सुमारे ३० कलांचे असते. म्हणजे केसभर हालचाल झाली की डोळ्यांसमोर शनी अडीच चंद्रांएवढी उडी मारतो. गॅलिलिओनेही १६१० साली एका पत्रात हीच अडचण सांगितली आहे : हाताच्या नाडीचे ठोके आणि श्वास यांनीसुद्धा नळी हलते, म्हणून ती स्थिर जागी बसवावी. चारशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आम्ही स्वतः ठेच लागल्यावर वाचला.

थरथरीखेरीज आणखी एक दोष होता. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. ८० पट वर्धनाला दुर्बिणीतले क्षेत्र जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडे अधिक असते, त्यामुळे शनी सुमारे अडीच मिनिटांत एका काठावरून दुसऱ्या काठाला जातो. त्याला पुन्हा मध्ये आणायचे तर नळी अगदी किंचित आणि सलग सरकली पाहिजे. आमच्या प्लास्टिकच्या मानेचा स्क्रू सैल केला की नळी डोके टाकी आणि आवळला की पुन्हा थोडी खाली बसे. म्हणून आम्ही शनीच्या जरा वर नेम धरून स्क्रू आवळत असू. असल्या युक्त्या आपल्यापुरत्या ठीक असतात, सत्तर माणसांच्या रांगेत त्या चालत नाहीत.

पहिला उपाय आम्हांला फार पटला होता : वजन वाढवायचे. गावातील वेल्डिंगच्या दुकानात सांगून लोखंडी नळ्यांची एक भक्कम तिवई करून घेतली. दोघांनी उचलावी अशी ती जड होती. तिच्यावर दुर्बीण बसवून नळीला टिचकी मारली, तर काय आश्चर्य! देवळातील घंटेसारखी ती तिवई आतून कंप पावत राहिली. ८ जून २००४ रोजी शुक्राचे सूर्यबिंबावरून अधिक्रमण होते. सुट्टीतही वसतिगृहात राहिलेल्या आम्ही पाच जणांनी ते दाखवण्याचे ठरवले. सूर्याकडे दुर्बिणीतून कधीही पाहू नये. म्हणून भिंगाचे तोंड पुठ्ठ्याने लहान करून आम्ही सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली, आणि नेत्रिकेला कोणी डोळा लावू नये म्हणून एक जण सतत नळीपाशी उभा राहिला. ढगांच्या फटींतून शुक्राचा काळा ठिपका कागदावर आला खरा; पण वाऱ्याची झुळूक आली की सूर्यासकट सारे कागदावर नाचू लागे. नुसत्या वजनाने स्थिरता येत नाही, हे त्या दिवशी उन्हात घाम पुसताना आम्ही शिकलो.

जुलैमध्ये शाळा सुरू झाल्यावर सरांनी आम्हांला जॉन डॉब्सन यांच्याविषयी सांगितले. हे गृहस्थ १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मले आणि अमेरिकेत वाढले. सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठात ते १९४४ मध्ये दाखल झाले आणि तेवीस वर्षे त्यांनी संन्यासी म्हणून काढली. हाती पैसा नव्हता, म्हणून टाकाऊ वस्तूंतून ते दुर्बिणी करीत. जहाजाच्या खिडकीची जुनी जाड काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी आणि लाकडाची बैठक. १९६७ मध्ये मठ सोडावा लागल्यावर त्यांनी शहराच्या पदपथांवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र आणि शनी दाखवायला सुरुवात केली. त्यांच्या बैठकीत महागडी चाके किंवा दाते नव्हते. लाकडाची एक पेटी घर्षणावर टेकलेली असे : ढकलली की सहज सरकावी, सोडली की तेथेच थांबावी. एवढे घर्षण नेमके साधणे ही सारी कला. आपणही हेच करायचे, असे आम्ही ठरवले. फक्त डॉब्सन यांच्या दुर्बिणी मोठ्या आणि जमिनीवर ठेवण्याच्या होत्या. आमची लहान होती, तिला उंचीवर नेणारे पाय हवे होते, आणि एस.टी.च्या टपावरून गावोगाव नेता येईल अशी घडीही हवी होती.

सुतारकाम शिकवणाऱ्या मामांनी कोठीखोलीतील मोडके बाक आमच्या स्वाधीन केले. त्यांचे सागवान वर्षानुवर्षे वाळलेले होते. पहिला पाय आम्ही एकाच जाड दांड्याचा केला आणि वर एका स्क्रूने जोडला. मामांनी तो दोन बोटांनी पिळून दाखवला आणि म्हणाले, "पोरंहो, पाय मोडणार नाही, पण पिळला जाते. अन् खिळा-स्क्रू आज धरते, उद्या सोडते. आरपार बोल्ट घाला." मग आम्ही प्रत्येक पाय दोन पट्ट्यांचा केला. खाली टोकाशी त्या एकत्र जोडलेल्या, वर पाच इंच फाकलेल्या आणि मध्ये आडव्या तुकड्यांनी बांधलेल्या. असा त्रिकोणी पाय पिळला जात नाही. पट्ट्यांची वरची टोके १८ मिलिमीटर प्लायवूडच्या त्रिकोणी पाटाला आरपार बोल्टने, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर घालून जोडली. पाय फाकून उभे केले की त्यांच्या मध्यावर एक लहान त्रिकोणी फळी हाताने फिरवायच्या नटांनी आवळायची. या फळीमुळे तिन्ही पाय एकमेकांना धरून राहतात. नेत्रिका ठेवायलाही तीच उपयोगी पडते.

पाटावर नऊ इंच व्यासाची फिरती चकती बसवली. तिच्या खालच्या बाजूला सनमायका चिकटवला आणि पाटावर तीन छोटे टेफ्लॉनचे तुकडे ठोकले. तेही बरोबर तिन्ही पायांच्या डोक्यांवर, म्हणजे भार सरळ पायांत उतरावा आणि पाट लवू नये. टेफ्लॉन तालुक्याच्या गावी मिळेना. नागपूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या शाळेच्या दुसऱ्या एका दादांनी कारखान्यातील कातरण पाठवली. आधी आम्ही गुळगुळीत चकचकीत सनमायका लावला होता. तो चिकटून बसे आणि जोर लावला की एकदम झटका देई. बारीक दाणेदार पृष्ठभागाचा तुकडा लावला तेव्हा चकती लोण्यासारखी सरकू लागली. गुळगुळीत वस्तू अधिक सहज सरकेल ही आमची समजूत अशी खोटी ठरली.

चकतीवर दोन उभ्या फळ्या, आणि त्यांच्यामध्ये दुर्बिणीची नळी धरणारी चौकोनी पेटी. सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर आत लावल्यामुळे नळी घट्ट बसते आणि ओरखडाही पडत नाही. पेटीच्या दोन्ही कुशींना सांडपाण्याच्या ११० मिलिमीटर पीव्हीसी पाइपची टोपणे लावली. ती उभ्या फळ्यांतील अर्धगोल खाचांत, पुन्हा टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकतात. बारीक खिळ्याऐवजी एवढा मोठा गोल घेतला की घर्षण दूरवर पसरते आणि नळी हळूवार वर-खाली होते. शेवटचे काम तोलाचे. नेत्रिका लावलेली नळी पेन्सिलीवर आडवी ठेवून तिचा मध्य शोधला आणि तो नेमका टोपणांच्या रेषेत येईल अशी ती पेटीत पुढे-मागे सरकवली. तोल साधला की स्क्रू आवळण्याची गरजच उरत नाही. हात काढला की नळी होती तेथे थांबते.

प्रत्येक टप्प्यावर आम्ही एकच परीक्षा घेत होतो. दूरच्या पाण्याच्या टाकीवरील दिव्यावर नेम धरायचा, नळीला टिचकी मारायची आणि दिवा स्थिर होईपर्यंत सेकंद मोजायचे. ॲल्युमिनियमच्या तिवईवर सात सेकंद लागत, लोखंडीवर चार-पाच, आणि आमच्या लाकडी तिवईवर डिसेंबरमध्ये जेमतेम एक. लाकूड आणि रबर कंप आपल्या पोटात जिरवतात. लोखंडाच्या निम्म्याहूनही कमी वजनात हे साधले होते. या कामात अभ्यासाचे तासही गेले, हे कबूल केले पाहिजे. दहावीचे वर्ष असल्याने मुख्याध्यापकांनी एकदा कोठीखोलीला कुलूप लावले होते. सहामाही परीक्षेचे गुण पाहून त्यांनी ते काढले.

जानेवारी २००५ मध्ये आकाशानेही आम्हांला साथ दिली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मॅकहोल्झ धूमकेतू कृत्तिकांजवळून जाताना आम्ही पाहिला. १३ तारखेला शनी पृथ्वीच्या संदर्भात सूर्याच्या बरोबर समोर आला, आणि १४ तारखेला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, हायगेन्स हे यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरले. आमचे संमेलन १५ तारखेला होते. पश्चिमेला पंचमीच्या सुमाराची चंद्रकोर, पूर्वेला पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ शनी. या वेळी प्रत्येकाला आम्ही सांगितले, "घाई करू नका. नाही दिसले तर नाही दिसले म्हणा. पाहून झाल्यावर काय दिसले ते आम्हांला सांगा." काकूंनी हवेत बोटाने गोल काढून त्याभोवती आडवे कडे काढून दाखवले. एका आजोबांनी "पगडी घातलेला दाणा" असे सांगितले. रखवालदार बाबांनी दोनदा "नाही दिसलं" म्हटले. तेव्हा कळले की त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डाव्या डोळ्याने त्यांना दिसले, आणि दुसऱ्या महिन्यात सरांनी त्यांना तपासणीसाठी शहरात नेले.

मावशीही आल्या होत्या. मुलाने त्यांना रांगेत पुढे घेऊ पाहिले, पण त्या मागेच उभ्या राहिल्या. पाळी आल्यावर त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. दरम्यान शनी काठाकडे सरकला. आमच्यापैकी एकाने हलकेच नळी ढकलून तो मध्ये आणला, तरी त्यांची नजर तुटली नाही. मागच्या लोकांची चुळबुळ सुरू झाली. मग डोळा न काढताच त्यांनी विचारले, "थे कडं त्याले चिकटून हाय, का सुटं हाय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. ग्रह आणि कडे यांच्यामधली काळी फट दिसल्याशिवाय हा प्रश्न कोणालाही सुचणार नाही. गॅलिलिओला १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी आहे एवढेच दिसले होते. ते शनीला कोठेही न टेकणारे पातळ, सपाट कडे आहे, हे क्रिस्टियान हायगेन्स यांनी १६५९ मध्ये प्रसिद्ध केले. टायटनचा शोधही त्यांचाच, १६५५ मधला. आदल्या दिवशी तेथे उतरलेल्या यानाला त्यांचेच नाव होते. पन्नास वर्षे युरोपातील विद्वान ज्या प्रश्नाशी झगडले, तो कापूस वेचणाऱ्या एका आईने दोन मिनिटे स्थिर पाहायला मिळताच विचारला होता. सरांनी पुढे होऊन सांगितले, "ताई, सुटे आहे. कोठेही टेकलेले नाही." त्या म्हणाल्या, "मग बरोबर दिसलं मले." आणि शेजारचा तो मंद ठिपका टायटन आहे, काल माणसाने पाठवलेले यान तेथे उतरले, हे ऐकून त्यांनी पुन्हा एकदा डोळा लावला.

त्या रात्री वहीत ४१ नावे आली. आदल्या वर्षीपेक्षा कमी, कारण प्रत्येकाला वेळ दिला होता. दुसरा रकाना मात्र सर्वांच्या नावापुढे भरलेला होता. नऊ जणांना दिसले नाही, आणि तसे लिहिलेले आहे.

पुढे ती तिवई आजूबाजूच्या गावांत फिरली. २००९ च्या सुमारास एक पाय फुटला, तो त्या वर्षीच्या मुलांनी नवा केला. मामा आता आपल्यात नाहीत. मावशी आहेत, आणि मागील वर्षी त्यांचा नातू याच शाळेत पाचवीत दाखल झाला. ती वही ग्रंथालयात आहे. विद्यार्थ्यांनी मागितल्यास पाहायला मिळते, आणि तीत बरीच पाने अजून कोरी आहेत. तिवई वापरू इच्छिणाऱ्यांना आमच्या दोनच सूचना आहेत. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि हिवाळ्यात आक्रसते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर पायांचे सहाही बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. आणि टेफ्लॉनच्या तुकड्यांना तेल लावू नये. आमच्यानंतर कोणीतरी एकदा लावले होते, ते पुसायला आम्हांला एक रविवार लागला.